न तपासलेली रेघ

करोल बागेतल्या त्या दुकानात एकच जुना क्रॉसमेंबर उरला होता आणि त्याची दोन टोकं दोघांनी धरली होती.

क्रॉसमेंबर म्हणजे गाडीच्या पुढच्या दोन चाकांमधली आडवी लोखंडी तुळई. प्रेमकथेत ती सहसा येत नाही. इथे आली, कारण या मॉडेलची गाडी कंपनीने कधीच बंद केली होती, आणि ती अजून जपणारी माणसं दिल्लीत फारशी नव्हती. त्यातली दोन आता समोरासमोर होती.

"मॅडम, पहले मैंने पकड़ा."

"आपने हल्का वाला सिरा पकड़ा है," श्रावस्ती म्हणाली.

त्याचा फोन वाजला. टोक न सोडता त्याने तो खांद्याने कानाशी दाबला. "हो आई, मिळाला... म्हणजे, आधा मिळाला."

"मराठी असून भांडताय?"

"भांडताय तुम्ही. मी नुसता उभा आहे."

त्याचं नाव इंद्रजित. नोएडात एका वृत्तवाहिनीत पडद्याखालून सरकणाऱ्या बातम्यांच्या पट्ट्या लिहायचा. तिथे बातमी आधी लिहायची आणि खरी आहे का ते सवडीने पाहायचं, अशी पद्धत होती. श्रावस्ती मानेसरच्या मोटार कारखान्यात होती. दुसऱ्यांनी आवळलेले बोल्ट तपासायचे आणि पक्क्या निघालेल्या बोल्टवर पिवळी रेघ ओढायची, हे तिचं सहा वर्षांचं काम. नियम एकच. ज्याने आवळलं त्याने रेघ ओढायची नाही.

"दसऱ्याला बाबांना दीक्षाभूमीवर न्यायचंय," ती म्हणाली. "दरवर्षी स्वतःच्या गाडीनेच जातात. यंदा खड्ड्यात तुळई वाकली. गॅरेजवाला दिवाळीनंतरची तारीख देतोय."

इंद्रजितने टोक सोडलं. सगळं वजन एकदम तिच्याकडे आलं.

"न्या तुम्ही. माझी गाडी तशीही आजोबांच्या वेळेपासून उभीच आहे. पण एक शर्त... बसवताना मी बघणार."

"बघण्यासारखं काय आहे त्यात?"

"बघितल्यावर सांगतो."

रविवारी सकाळी तो तिच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये हजर झाला. तिचे वडील रावसाहेब, दिल्लीतल्या एका मंत्रालयातून निवृत्त झालेले अधिकारी, खुर्ची टाकून पेपर वाचत होते. त्यांनी आधी घड्याळ पाहिलं, मग त्याला.

"परवा पहाटे निघायचंय," ते म्हणाले. "नागपुरात हिला बघायला येणार आहेत. मुलगा पाटबंधारे खात्यात आहे."

"अच्छा," इंद्रजित म्हणाला.

वाकलेली तुळई काढलेली होती आणि इंजिन खाली येऊ नये म्हणून वरच्या आडव्या दांडीला साखळीने टांगलेलं होतं. दोघं गाडीखाली आडवी झाली. त्याने तुळई वर धरली. तिच्या कपाळावर ग्रीसचा एक डाग होता. तो तिला सांगावा की राहू द्यावा, हे त्याचं बराच वेळ ठरेना.

"चारही बोल्ट आधी हाताने लावायचे," ती म्हणाली. "सगळे लागल्याशिवाय एकही आवळायचा नाही."

"का?"

"एक आधीच पक्का केला, तर बाकीचे जागेवर येत नाहीत."

"हे तुमच्या बाबांना सांगितलंय?"

ती हसली नाही. पाना मात्र एकदा सटकला.

पहिला बोल्ट आवळून झाला, दुसरा झाला. तिसऱ्याला पाना लावला तेव्हा तो हळूच म्हणाला, "तो मुलगा... पसंत आहे?"

तिसऱ्यावरचा पाना तसाच थांबला. मग ती चौथ्याकडे वळली.

बाहेर आल्यावर तिने त्याला पिवळं मार्कर दिलं. "प्रत्येकाला हा पाना लावायचा. टक् वाजलं की पक्का. मग रेघ. मी चहा आणते."

चहा घेऊन ती आली तेव्हा चार रेघा ओढून झाल्या होत्या. सवयीने ती त्याच्या शेजारी गाडीखाली शिरली आणि तिने पाना लावला. तिसरा बोल्ट अर्धा फेरा फिरला तरी टक् वाजलं नाही.

"हा तपासला?"

"...नाही."

"बाकीचे?"

"एकही नाही. तुम्ही आवळले होते ना. मला तेवढं पुरेसं वाटलं."

इतका विश्वास तिच्यावर आजवर कोणी टाकला नव्हता. मानेसरला यासाठी माणसाला त्याच दिवशी गेटबाहेर काढतात.

"या गाडीत बाबा बसणार होते," ती म्हणाली.

इंद्रजितचा चेहरा उतरला. "गाडी निघू नये असं मला वाटत होतं... हे खरंय. पण बोल्ट मी सैल केला नाही."

"माहितीये. सैल माझ्याकडून राहिला."

"तुमच्याकडून?"

"तुम्ही विचारलंत ना, मुलगा पसंत आहे का. मी उत्तर शोधत बसले."

"मिळालं?"

तिने थिनरचं फडकं घेतलं आणि चारही रेघा पुसून टाकल्या. "पहिल्यापासून," ती म्हणाली. पाना तिने स्वतः घेतला, सगळे बोल्ट पुन्हा आवळले आणि मग तो त्याच्या हातात दिला.

या वेळी तो प्रत्येक बोल्टशी थांबला. टक्. रेघ. टक्. रेघ. रेघा वाकड्या आल्या, पण खऱ्या होत्या. शेवटची ओढताना तिने त्याच्या मनगटाला हात दिला. रेघ ओढून झाली, तरी हात तिथेच राहिला.

"रेघ ओढणाऱ्याने पहिल्या चकरेला गाडीत बसायचं," ती म्हणाली. "नियम आहे."

"मानेसरचा?"

"नाही. माझा."

"पहिली चक्कर कुठवर?"

"नागपूर."

तो जरा घुटमळला. "आणि तिथे जो तुला बघायला येणार आहे..."

"त्याला बाबा भेटतील. धरणांवर बोलायला त्यांना कोणीतरी हवंच असतं."

रावसाहेबांनी पेपर खाली घेतला. गाडीखालचं बोलणं वर नीट ऐकू येतं, हे दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

"आणि रेघ ओढणाऱ्याला तपासतं कोण?" त्यांनी विचारलं.

गाडीखाली पाना खणकन पडला.

"हरकत नाही," पेपरची घडी घालत ते म्हणाले. "हजार किलोमीटर आहेत. तुम्ही पुढे बसा, माझ्या शेजारी. श्रावस्ती मागे बसेल."