हललेला फोटो

हे घडलं तेव्हा मी तिथं होते. त्यामुळे ऐकीव म्हणून सोडून द्यायची सोय मला नाही. माझी आत्या अजून हयात आहे. तिचा डावा हात एकदा पाहिला की कुणी पुरावा मागत नाही.

शुक्रवार होता. ऑगस्टचा दुसरा आठवडा. पापुआ न्यू गिनीच्या डोंगरांत, सिंबू प्रांतात आमचं गाव आहे. दुपारचे तीन वाजले होते आणि लख्ख ऊन होतं.

बाबांना जाऊन दोन दिवस झाले होते.

लाए शहरात मी शिकवते त्या शाळेतून रजा काढून मी पोहोचले, तेव्हा रडण्याच्या मांडवात बायका अंगाला चिखल फासून बसल्या होत्या. मध्ये चटईवर बाबा. उशाशी मासळीचा रिकामा डबा. वर्षभर ते त्यात थुंकत होते. तो खोकला मी फोनवर ऐकत आले होते. दोन आखूड, मग एक लांब. मग डबा वाजायचा.

"चुलीचा धूर गं," म्हणायचे.

वर्षभर मी ते खरं मानलं.

मांडवाबाहेर, कॉफीच्या झाडांपाशी, खांबाला आगाथा आत्या बांधलेली होती.

बाबांची धाकटी बहीण. शेवटचे सहा महिने तिनंच त्यांना रताळी कुस्करून भरवली, आणि तेच तिच्या अंगाशी आलं. माझा धाकटा भाऊ बोमाई येईल त्याला सांगत होता की, बाबा तिच्या हातचं खात गेले आणि वाळत गेले. ती सांगुमा आहे. माणसाला आतून खाणाऱ्या बाईला आमच्याकडे सांगुमा म्हणतात.

शेकोटीत दोन कोयते तापत होते. एक आधीच वापरून झाला होता. आत्याच्या डाव्या हाताची दोन बोटं नव्हती. पंजाला कुणीतरी केळीचं पान गुंडाळलं होतं.

"मी नाही गं त्याला खाल्लं," ती हळूच म्हणाली. "तोच जेवायचा नाही."

त्या आठवड्यात खालच्या आरोग्य केंद्रात क्षयाची तपासणी चालू होती. गॅब्रिएल नावाचा किनाऱ्याकडचा माणूस कॅमेऱ्याएवढं एक्स-रे यंत्र घेऊन गावोगाव फिरत होता. मी धावत त्याच्याकडे गेले. बाबांना क्षय होता हे सगळ्यांना दिसलं, तर आत्या सुटेल. दुसरा मार्ग मला सुचत नव्हता.

तो सुपारी चघळत ऐकत होता. "मेलेल्याचा फोटो कधी काढला नाही, बाई. पण एक बरंय. श्वास रोखा, श्वास रोखा, असं ओरडावं लागणार नाही."

मी त्याला घेऊन वर आले. बोमाईनं अडवलं नाही.

"काढू दे की," तो हसून लोकांना म्हणाला. "ताई पुस्तकं वाचून आलीय. आतलं काय ते कळू दे सगळ्यांना."

गॅब्रिएलनं बाबांच्या पाठीखाली फोटो टिपणारी पाटी सरकवली. यंत्र टिकटिकलं.

लॅपटॉपवर चित्र उमटलं... बरगड्यांच्या कडा दुहेरी होत्या.

"हलला," गॅब्रिएल सवयीनं म्हणाला.

मग त्यानं बाबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

पाटी तशीच, यंत्र तसंच. त्यानं दुसरा फोटो काढला. पुन्हा दुहेरी. छाती आत-बाहेर झाली तरच असं दिसतं, हे त्यानं मला पुढं कधीतरी सांगितलं. तेव्हा त्यानं फक्त सुपारी थुंकली आणि कपाळाचा घाम पुसला.

मी बाबांच्या थंड छातीवर हात ठेवला. मनात म्हणाले, एकदाच हलू नका, बाबा. आत्यासाठी.

तिसरा फोटो स्वच्छ आला, कडा एकेरी.

उजव्या फुफ्फुसात तीन भोकं. एक लिंबाएवढं, त्याखाली दोन लहान.

"क्षयच," गॅब्रिएल म्हणाला. "फार जुना."

मला हायसं वाटलं. बापाच्या छातीतली भोकं पाहून हायसं वाटलं, हेही लिहून ठेवते. मी लॅपटॉप उचलला, गर्दीकडे वळवला आणि प्रत्येक भोकावर बोट ठेवून दाखवलं.

ती चूक माझी.

बोमाई पुढं वाकला. बराच वेळ पाहत राहिला.

"तीन घास," तो म्हणाला.

मग सगळे एकदम आत्याकडे धावले.

गॅब्रिएल रोगाचं नाव घेऊन ओरडत होता. त्याच्या तोंडावर काठी बसली, दोन दात पडले. माझे केस धरून कुणीतरी मला गुडघ्यांवर पाडलं. आत्याची पाठ उघडी केली. बोमाईनं लाल झालेला कोयता तिच्या खांद्यावर आडवा ठेवला. तो आवाज मी लिहिणार नाही. वासही. तिची किंकाळी अर्ध्यात तुटली. त्यानं दुसऱ्यांदा कोयता उचलला, या वेळी मानेच्या उंचीवर.

आणि मांडवातून...

दोन आखूड.

मग एक लांब.

मग डबा वाजला.

रडणाऱ्या बायका गप्प झाल्या. बोमाई कोयता धरून तसाच मांडवाकडे वळला. "बाबा?" एवढंच म्हणाला. लहानपणी रात्री भिऊन म्हणायचा, तसंच.

पुढचा शब्द काढायला त्यानं तोंड उघडलं आणि रक्त आलं. ओंजळभर, लालभडक. तो खोकत शेकोटीत तोंडावर पडला. बाहेर ओढला तेव्हा अर्धा चेहरा जळाला होता. तरी खोकला थांबत नव्हता.

दोन आखूड. एक लांब.

लोक पळाले. आम्ही आत्याचे दोर कापले आणि तिला गॅब्रिएलच्या गाडीत घातलं. निघताना मी एकदा मांडवात डोकावले. बाबा होते तसेच होते. डब्यात रक्त होतं, ताजं.

बोमाई नऊ दिवस जगला. गॅब्रिएलनं त्याचाही फोटो काढला. उजवीकडे तीन भोकं, एक लिंबाएवढं, त्याखाली दोन लहान. बाबांच्या फोटोवर ठेवला तर कडेला कड जुळत होती.

बाबा गेले त्याच आठवड्यात, सोमवारी, बोमाईनं गंमत म्हणून तपासणी करून घेतली होती. तो फोटोही गॅब्रिएलकडे आहे. त्यात एकही भोक नाही.

आत्या आता लाएला माझ्याकडे राहते. तीन बोटांनी रताळी कुस्करते. मी तिच्याच हातचं जेवते, मुद्दाम.

गेल्या महिन्यात तपासणीची गाडी आमच्या शाळेत आली. गॅब्रिएलच होता, नवे दात बसवलेला. मी पाटीला छाती टेकवून उभी राहिले.

"दीर्घ श्वास घ्या, बाई. रोखा."

मी रोखला.

त्यानं पडद्याकडे पाहिलं... आणि दुसरा फोटो काढला. मी दात आवळून उभी होते. तसूभरही हलले नव्हते.

"तिसरा काढू?" त्यानं माझ्याकडे न बघता विचारलं.

मी नको म्हणाले. तिसरा स्वच्छ येतो, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे.