कडीची उंची

सासूबाईंच्या चार चादरी धुवायला टाकायच्या होत्या, एवढंच काम. मी म्हटलं, माझ्या काकांच्या लाँड्रीत टाकते. नव्या सुनेला माहेरची ओढ, असं समजून त्या गालात हसल्या.

ओढ होतीच. सतरा वर्षांची.

मी आठ वर्षांची असताना चार वर्षांची धाकटी बहीण त्या लाँड्रीतल्या कपडे सुकवायच्या खोलीत अडकून दगावली. आत भाजून काढणारी हवा, बाहेरून कडी. "खेळता खेळता थोरलीनेच घातली," असं काकांनी सांगितलं आणि घरादाराने ते माझ्या कपाळी चिकटवलं. वर मायेने म्हणायचे, "लहान होतीस गं, तुझा काय दोष!" तेव्हापासून मला तिचं ठोठावणं ऐकू यायचं. लग्नानंतर नवऱ्याने एकदा सहज बाथरूमचं दार वाजवलं, तर मी आत थरथरत बसले. त्यानेच मला मानसोपचाराच्या डॉक्टरबाईंकडे नेलं.

त्या माझ्यापुढे दोन बोटं हलवत. डावीकडे, उजवीकडे. "मान नाही, फक्त डोळे. ते दार आठवा... आता काय जाणवतंय?" पहिल्यांदा हसूच आलं, एवढं जुनं दुखणं आणि औषध दोन बोटांचं. पण दर खेपेला ठोठावणं थोडं लांब जायचं.

"हे जातं कुठे?" मी विचारलं.

"जात नाही. आपल्या जागी जाऊन बसतं."

सहाव्या खेपेला ते इतकं लांब गेलं, की दार प्रथमच नीट बघता आलं. कडी माझ्या डोक्याच्या कितीतरी वर होती.

दुपारी लाँड्रीत काका एकटेच इस्त्री करत होते. "या नवरीबाई! सासर मानवलेलं दिसतंय."

मी चादरी ठेवल्या आणि थेट मागे गेले. दार तेच, कडी तीच, ओल्या कापडाचा तोच कोंदट वास. चपला काढून हात वर केला. टाचा उचलाव्या लागल्या. आज, पंचविसाव्या वर्षी.

"काका, माझा हात कसा पोचला हो तेव्हा?"

ते मागोमाग आले होते. "स्टूल घेतलं असशील."

"कुठलं स्टूल?"

इस्त्रीखाली काहीतरी करपत होतं. त्यांना त्याची शुद्ध नव्हती.

"रडून डोकं उठवलं होतं तिने," ते हळूच म्हणाले. "पाच मिनिटं म्हणून... गिऱ्हाईक आलं, आणि..."

सतरा वर्षं मी स्वतःचे हात उशीखाली दाबून निजत आले. या माणसाने माझ्या लग्नात त्याच हातांत आहेर ठेवला होता. संतापाने मी कडी खसकन ओढली आणि दार ढकललं.

तेवढ्यात त्यांनी मान ताठ केली.

"कोण वाजवतंय?"

मी कान दिला. काहीच नव्हतं. सतरा वर्षांत पहिल्यांदाच, काहीच नाही.

"ती कडी काढ... काढ ना गं..." काका कळवळून म्हणाले.

कडी मी केव्हाच काढली होती. दार सताड उघडं होतं, खोली रिकामी.

काकांची मान हलत नव्हती. फक्त डोळे. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. आणि नजर माझ्या चेहऱ्यावर नव्हती. खूप खाली होती, माझ्या कमरेएवढ्या उंचीवर.