नावाएवढी शांतता

ही माझ्या सख्ख्या बहिणीची गोष्ट आहे. घडलेली. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल हसावं, मीही आधी हसलोच होतो.

रात्र वगैरे काही नव्हती. भर दुपार होती. ताईच्या इमारतीत, अगदी वरच्या मजल्यावर.

पण सुरुवात माझ्या ऑफिसात झाली.

मी सॉफ्टवेअर तपासतो. दुसऱ्याच्या कोडमध्ये खोड काढायची, याचाच मला पगार मिळतो. बायको म्हणते, हा स्वभाव घरी येताना चपलांपाशी काढून ठेवत जा.

आम्ही इमारतींसाठी एक अ‍ॅप करत होतो. फाटकापाशी एक यंत्र. आलेल्या माणसाने त्यावर आपलं नाव आणि घराचा नंबर टाकायचा. मग घरातल्यांच्या फोनवर यंत्रातल्या बाईचा आवाज यायचा, "अमुक अमुक आले आहेत. आत सोडायचं का?"

खाली दोन बटणं. होकार आणि नकार. होकार दाबला की फाटकही उघडणार आणि घराचं दारही.

टाकलेलं नाव ठीक आहे की नाही, एवढंच बघणारा कोडचा एक छोटा तुकडा माझ्याकडे होता. नावात नुसते आकडे असतील तर नकार. इमारतीत नसलेला घर नंबर असेल तर नकार. आणि नाव रिकामं असेल तर... नकार.

अशा तुकड्यासाठी आम्ही युनिट टेस्ट लिहितो. म्हणजे त्याला बाकी सगळ्यापासून तोडून एकटं बाजूला घ्यायचं आणि मुद्दाम चुकीचं काहीतरी त्याच्या हातात द्यायचं. नवा वॉचमन ठेवल्यावर आपणच तोंड बांधून फाटकावर जावं आणि तो अडवतो का ते बघावं, तसं. त्याने अडवलं तर टेस्ट हिरवी. सोडलं तर लाल.

त्या वेळी त्याला ना फाटक जोडलेलं असतं, ना फोन, ना इंटरनेट. तो तुकडा आणि मी. तिसरं कुणी नाही.

एका दुपारी रिकाम्या नावाची टेस्ट लाल झाली.

'अपेक्षित: नकार. मिळालं: होकार.'

पुन्हा चालवली. हिरवी.

दुसऱ्या दिवशी दुपारी... पुन्हा लाल.

मी कोड अक्षर न् अक्षर वाचला. एकच साधी अट होती. त्यात चुकायला जागाच नव्हती. सकाळी टेस्ट शहाण्यासारखी वागायची. संध्याकाळीही. फक्त जेवणं उरकून ऑफिस सुस्तावलं की तो तुकडा रिकाम्या नावाला आत सोडायचा.

आमच्या टीम लीडला आम्ही पाठीमागे 'पुढचं बोला' म्हणायचो. कारण ते सदानकदा तेच म्हणायचे.

"कधी हिरवी, कधी लाल? म्हणजे तुझी टेस्टच डळमळीत आहे. वगळ तिला. पुढचं बोला."

"सर, कोड रिकाम्या नावाला आत घेतोय. हे असंच सोडायचं?"

"अरे, नाव न टाकता फाटकावर येणार कोण? भूत?"

सगळे हसले. मीही हसलो. पण टेस्ट वगळायला मी साफ नकार दिला. शेवटी त्यांनी स्वतःच्या हाताने ती वगळली आणि अ‍ॅप पुढे गेलं.

चाचणीसाठी पहिली इमारत ठरली ती ताईची.

ताई माझ्याहून बरीच मोठी. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. मी घोड्याएवढा झालो तरी तिच्या लेखी 'बारक्या'च. कॉलेजात असताना मी कितीही उशिरा उगवलो, कितीही बोलणी खायचं काम केलेलं असलं, तरी पहिल्या बेलला दार उघडायचं. बोलणी नंतर, जेवण वाढताना.

भावजी जहाजावर इंजिन सांभाळायचे. तीन वर्षांपूर्वी त्यांचं जहाज वादळात बुडालं. बाकीचे कुठे ना कुठे सापडले.

भावजी नाही सापडले.

ताईने ते कधी मान्यच केलं नाही. त्यांच्या चपला तशाच दारात ठेवल्या होत्या. रजेवर यायचे तेव्हा त्यांची गाडी दुपारी पोचायची, म्हणून ती दुपारी कधी आडवी व्हायची नाही. खिडकीत बसायची.

भावजींचं नाव लांबलचक होतं. मी चिडवायचो, हाक मारेपर्यंत जेवण गार होतं म्हणून. ताईचं नाव दोनच अक्षरांचं. दारावरच्या पाटीत त्यांचं नाव मावता मावेना आणि ताईचं खाली कोपऱ्यात बसलं होतं.

एका दुपारी ऑफिसात ताईचा फोन आला.

"बारक्या, तुझ्या त्या अ‍ॅपमधल्या बाईला काय झालंय रे? नाव घेत नाही. थांब, आलंच बघ आत्ता. ऐक."

मी कान लावला.

"...................... आले आहेत. आत सोडायचं का?"



नाव रिकामं असेल तर त्या बाईने थांबायला नको होतं. थेट 'आले आहेत' म्हणायला हवं होतं. पण ती थांबली होती. एखादं नाव घ्यायला जेवढा वेळ लागतो, तेवढी.

"ताई, नकार दाब."

"दाबला रे. आठवडाभर रोज दुपारी दाबतेय."

"मग मला आधी का नाही सांगितलंस?"

ती हळूच म्हणाली, "ती थांबते ना, तेवढ्यात मी यांचं नाव मनातल्या मनात घेऊन बघितलं... बरोब्बर बसतं."

"ताई, काहीतरीच काय! कोडमधली चूक आहे ती. आज दुरुस्त करतो."

"आणि चूक नसली तर? इतके दिवस मी त्यांना दारातून परत पाठवतेय, बारक्या."

"ताई, ऐक माझं. होकार दाबू नकोस. मी येतो."

तिने फोन ठेवला.

मी लीडच्या टेबलाशी गेलो. माझं तोंड बघूनच त्यांनी काही न विचारता वगळलेली टेस्ट परत आणली आणि चालवली.

लाल.

पुन्हा चालवली. लाल. पुन्हा. लाल.

त्या दिवशी 'पुढचं बोला' काहीच बोलले नाहीत.

मी ताईला फोन लावला. वाजत राहिला, तिने उचलला नाही. मी गाडी कशी हाकली ते मला आठवत नाही.

फाटक सताड उघडं होतं. वॉचमन बावचळून उभा होता.

"साहेब, आलं तर कुणीच नाही. फाटक आपोआप उघडलं. मिटलं. थोड्या वेळाने परत उघडलं..."

मी जिन्याने धावत वर गेलो. लिफ्टसाठी थांबवेना.

दार उघडं होतं. पंखा चालू होता. टेबलावर चहाचे दोन कप. ताईचा रिकामा होता. दुसरा काठोकाठ भरलेला, वर साय धरलेली.

तिचा फोन तिथेच पडला होता. पडद्यावर एकच शब्द होता. होकार.

"ताई...?"

सगळ्या खोल्या बघितल्या. गच्ची बघितली. खाली येऊन पुन्हा खोल्या बघितल्या. ताई नव्हती.

तिच्या चपला दारात होत्या.

भावजींच्या नव्हत्या.

पोलीस आले. कॅमेऱ्यात फाटक दोनदा उघडताना दिसतं. पहिल्यांदा कुणी आत येत नाही. दुसऱ्यांदा कुणी बाहेर जात नाही. ताई आजवर सापडलेली नाही.

अ‍ॅप बंद झालं. यंत्रं काढून नेली. टेस्ट मी त्यानंतर कितीतरी दुपारी चालवून बघितली. कायम हिरवी.

मी माझ्या फोनवरून अ‍ॅप काढलं नव्हतं. कशासाठी ठेवलं, ते माझं मला ठाऊक.

गेल्या महिन्यात, सुट्टीच्या दिवशी, जेवण करून बसलो होतो. फोन वाजला. आमच्या इमारतीत ते यंत्र कधी बसवलंच नव्हतं...

"..... आले आहेत. आत सोडायचं का?"

शांतता छोटी होती. अगदी छोटी.

दोन अक्षरांएवढी.

तेव्हापासून रोज दुपारी येतं. बायको पाया पडते. म्हणते, नकार दाबा आणि ते काढून टाका, घरात आपण दोघंच असतो. तिचं बरोबर आहे. तो भरलेला कप मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. होकार दाबायची माझी छाती नाही.

पण नकार दाबायला बोटही उचलत नाही. मी फोन उलटा करून ठेवतो आणि वाजून वाजून तो थांबेपर्यंत बसून राहतो.

आत्ताही जेवणं झालीत. बायको आत भांडी आवरतेय. फोन समोर उलटा पडलाय, आणि वाजतोय.

ताईने मला कधी दाराबाहेर उभं ठेवलं नव्हतं.