बंद गाडीत धरलेली जागा

विषय : गावची मुक्कामी एसटी गाडी पूर्ववत सुरू करणेबाबत.
संदर्भ : निम्नस्वाक्षरीकर्त्याचा अर्ज व त्यानंतरची स्मरणपत्रे.

उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की... जाऊ द्या. तहसिलीत अव्वल कारकुनी करण्यात जन्म गेला, त्यामुळे भुताखेताचं सांगायलाही विषय आणि संदर्भ लिहिल्याशिवाय मला सुरुवात सुचत नाही. तो दिवा जरा अलीकडे घ्या. आज वीज येणार नाही. हे कुणी कळवत नाही, पण आम्हाला कळतं.

आमच्या गावाला मुक्कामी गाडी होती. संध्याकाळी तालुक्याहून यायची, ड्रायव्हर-कंडक्टर मारुतीच्या पारावर झोपायचे, आणि पहाटे तीच गाडी दुधाच्या किटल्या, कॉलेजची पोरं आणि दवाखान्याचे रोगी भरून निघायची. कोरोनात ती बंद झाली. कोरोना गेला, गाडी काही आली नाही. ज्यांना झेपलं त्यांनी मोटरसायकली घेतल्या. काळीपिवळीवाला गिऱ्हाईक नाही म्हणून जीप विकून पुण्याला गेला. उरलेले सायकलवर आले. त्याच सुमारास परभणीत डॉक्टर आणि वकील चकचकीत टोप्या घालून सायकली हाणायला लागले होते. त्याला आरोग्याची जागरूकता म्हणतात. आमच्याकडे जे झालं, त्याला अजून नाव पडलेलं नाही.

माझी नात महेश्वरी बारावीला आहे. तिचा बाप, म्हणजे माझा शंभुराज, गंगाखेडला साखर कारखान्यात नोकरीला. पोरीला नर्सिंगला जायचंय. त्यासाठी बारावी पार व्हायला हवी, आणि त्यासाठी रोज पहाटे सायकलवर तालुक्याच्या कॉलेजात पोचायला हवं. गावातून बाहेर जायला रस्ता एकच, आणि तो थांब्यावरून जातो.

दिवाळीनंतर थंडी पडली. रानात कापसाच्या पऱ्हाट्या आणि तुरी उभ्या, आणि सकाळी धुक्याची अशी धुई, की स्वतःच्या घराची कवाडंही अंदाजाने लावायची. अशा एका दिवशी पोरगी परत आली ती ओठ निळसर करून.

"आप्पा, सायकल लय जड चालायली."

मी चेनला तेल दिलं. पेन्शनीतल्या माणसाला दुसऱ्याच्या चेनला तेल देण्याइतकं समाधान कशातच नसतं. चाकं गरगर फिरली. दुसऱ्या दिवशी ती धाप टाकतच आली.

"थांब्यापाशी जड होती," ती म्हणाली. "अन् तालुक्याच्या दवाखान्याच्या गेटापाशी हलकी होती. रोजच."

डॉक्टरांनी बोटाला तो चिमटा लावला. ऑक्सिजन चांगला होता. "परीक्षेचं टेन्शन," ते म्हणाले. हे निदान स्वस्त पडतं आणि कधी चुकत नाही.

एका पहाटे मी तिच्यासोबत थांब्यापर्यंत गेलो. थांबा म्हणजे पत्र्याची शेड आणि सिमेंटचं बाक. ज्या आमदाराच्या निधीतून तो झाला त्याचं नाव ठळक आहे. गावाचं नाव पुसून गेलंय. महेश्वरी नेहमीप्रमाणे कानाला स्कार्फ बांधायला थांबली. सायकल स्टँडवर उभी होती. मी क्षणभर तुरीकडे पाहिलं असेल. परत बघतो तर कॅरिअरवर एक दस्ती, म्हणजे हातरुमाल. नीट घडी केलेली, पांढरी, काठाला निळी रेघ.

मी ती ओळखली, कारण ती सगळ्या गावाला माहीत होती.

आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊक असेल. गाडी थांबायच्या आत खिडकीतून दस्ती नाहीतर टोपी आत टाकायची. ती ज्या बाकावर पडली ती जागा तुमची. या हक्काला कुठल्याही कायद्याचा आधार नाही, आणि तो मोडायची कुणाची छाती नाही. ही दस्ती गावातल्या म्हाताऱ्या बायनाबाईची. तिचे गुडघे गेलेले. बीपीच्या गोळ्यांसाठी म्हातारी सारखी तालुक्याला जायची, पण गर्दीत तिला धावता येत नव्हतं. म्हणून ती आपली दस्ती महेश्वरीच्या हातात द्यायची. "पोरी, माजी जागा धर." महेश्वरी तेव्हा शाळेत होती, चपळ होती. गाडीमागे पळायची, दस्ती टाकायची, आणि म्हातारी सावकाश चढून बसायची.

दुसऱ्या लाटेत बायनाबाईला दम लागायला लागला. दस्तीत ओवा-कापराची पुरचुंडी बांधून, ती तोंडाला धरून, पहाटे थांब्यावर येऊन बसली. गाडी बंद होऊन वर्ष झालं होतं. कुणीतरी माडीवरून ओरडलं, "मावशे, गाडी बंद हाय!" तिने नुसता हात वर केला. दारं लागलेलीच होती. ती लागलेलीच राहिली. मी त्या दिवसांत शाळेत विलगीकरणात पडलो होतो. खिडकीतून शेडचा पत्रा दिसायचा, बाक दिसायचं नाही. दुपारी पांढऱ्या प्लास्टिकच्या कपड्यांतली माणसं गाडी घेऊन आली, तोवर तिची धाप थांबली होती. तिला गाडी मिळाली ती तेव्हा.

आता त्या धुईत मी दस्ती उचलली. ती कोमट होती. ओव्याचा आणि कापराचा वास आला... आणि माझ्या हातातून ती कधी निसटली ते कळलंच नाही. पुन्हा कॅरिअरवर होती. मग कॅरिअर करकरला, आणि मागच्या चाकाचं टायर डोळ्यांदेखत दबलं.

"बसल्या," महेश्वरी हळूच म्हणाली.

मी आजवर कलेक्टरसमोर उभा राहिलोय, मंत्र्यांच्या दौऱ्यात राहिलोय. त्याच अदबीने मी रिकाम्या कॅरिअरकडे तोंड करून बोललो.

"मावशी... गाडी बंद झाली. तुमाला कुनी सांगितलं न्हाई का?"

कॅरिअरवरून नुसती धाप. पत्र्यावरून दहिवर ठिबकत होतं.

"मग ही... जागा कुनी धरली?" त्या धापेतूनच आवाज आला.

"ही सायकल हाय मावशी. पोरीला दम लागायलाय."

मग अगदी माझ्या कानाशी,

"मलाबी लागायलाय..."

महेश्वरीने हँडल धरलं. "जाऊ द्या आप्पा. गेटापर्यंतच तर न्यायचं हाय."

"अगं पण रोज? एकदा दवाखान्यात पोचल्या, तर परत थांब्यावर कशाला येतेत?"

"बेड न्हाई म्हनतेत त्यांना," ती म्हणाली. "उद्या या म्हनतेत."

ती पायडल मारत गेली, उभी राहून, सगळा जोर लावून. धुईत तिची धाप ऐकू येत राहिली. एका जिवाची नव्हती ती.

मी मांत्रिक बघितला नाही. माझ्या आयुष्यात अर्जाशिवाय काही हललेलं मी पाहिलेलं नाही. गाडी सुरू झाली की म्हातारी गाडीत बसेल, पोरगी सुटेल, असा सरळ हिशोब होता. अर्ज केला. आगाराचं उत्तर आलं : सदर मार्गावर पुरेसे प्रवासी नसल्याने फेरी परवडत नाही. मी स्मरणपत्रं पाठवली. प्रवासी आहे, एवढंच लिहिलं. कोण, ते लिहिलं नाही.

अखेर आगारातून पाहणीला वाहतूक नियंत्रक आला. धम्मदीप नावाचा, परक्या जिल्ह्यातला, नवीन भरतीतला. गावातून मी आणि महेश्वरी, दोघंच थांब्यावर हजर. मोटरसायकलवाल्यांना गाडीची गरज नव्हती, सायकलवाल्यांना आशा. धुई इतकी, की त्याच्या गाडीचा दिवा आधी दिसला आणि तो नंतर. दूरच थांबला. बराच वेळ इकडे-तिकडे बघत, कुणाशी तरी बोलत असल्यासारखा वाकत पुढे आला. माझ्यापाशी पोचला तेव्हा चिडला होता.

"काका, अर्जात तुम्ही प्रवासी कमी का दाखवलेत?"

"म्हंजे?"

"शेडमध्ये उभं राहायला जागा नाही. लोक पार पाणंदीपर्यंत उभे आहेत. एवढ्या गर्दीला एक गाडी कशी पुरायची?"

मी मागे पाहिलं. धुई होती, आणि तुरी.

"सगळ्यांनी तोंडं बांधलीत," तो म्हणाला. "गावात पुन्हा साथ आलीय का?"

"कुठं जायचं म्हनतेत?"

"दवाखान्यात. मी म्हटलं, मग नीट रांग लावा. तर म्हणतात, रांग कशाला..." त्याने महेश्वरीकडे बोट केलं. "आमची जागा त्या पोरीनं धरलीय."

महेश्वरीने मागे पाहिलं नाही. ती दोन्ही हातांनी हँडल घट्ट धरून उभी होती, आणि तिची बोटं पांढरी पडली होती.

त्याच दिवशी शंभुराजने येऊन सायकलीला साखळी-कुलूप घातलं. कॉलेज सुटलं. त्याने फरक पडलेला नाही. पहाट झाली की पोरगी अंथरुणात उठून बसते, मांड्या ताठ होतात, आणि दिवस वर येईपर्यंत चढावर असल्यासारखी धापते. रजा काढून राहिलेला शंभुराज आणि मी दोन बाजूंना बसतो. दुसरं काही करता येत नाही. परीक्षा फेब्रुवारीत आहे.

नियंत्रकाने अहवाल अनुकूल दिला आहे. प्रवासीसंख्या अपेक्षेपेक्षा फार जास्त आढळल्याने जादा गाड्यांचा प्रश्न निर्माण झाला, म्हणून प्रकरण मार्गदर्शनासाठी वरिष्ठ कार्यालयाकडे पाठवण्यात आलं. परवा पुन्हा चौकशी केली. अर्ज प्रलंबित आहे.