मोहाखालची आग

सुरतेत कतारगामच्या स्टुडिओत पंडितने आजवर तिथे पोटासाठी आलेल्या अख्ख्या खानदेशाला एकाच रंगवलेल्या धबधब्यापुढे उभं केलं होतं. खऱ्या डोंगराचा फोटो काढायला तो निघाला तो बायकोच्या, मालतीबाईंच्या ध्यासापायी.

त्यांचं माहेर उकाईच्या धरणात बुडालं होतं. गाव, शेत, विहीर, सगळं पाण्याखाली. वर उरला तो गावामागचा डोंगर. मंगळवारी त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन होतं, आणि डॉक्टरांनी चार पावलं चालायलाही बंदी घातली होती.

"त्या टेबलावर झोपायच्या आधी माले मना डोंगर एकदाव देखू द्या," त्या म्हणाल्या. मग काय, डोंगरच सुरतेला आणायचा!

सोबत निघाला मेहुणा वाल्मिक, मालतीबाईंचा धाकटा भाऊ. कापडाच्या लूमच्या खडखडाटात कान अर्धे गेलेले, पण नवापूरपर्यंत तोंडाला विसावा नाही. धरणकाठच्या छगनने त्यांना होडीतून पलीकडे सोडलं आणि तो काठावरच सावलीला आडवा झाला.

डोंगर पळसाने नुसता पेटला होता. साग उघडेबोडके, आणि त्यांची वाळलेली पानं घोट्याघोट्यापर्यंत साचलेली. पंडित अर्ध्या चढावरच्या कातळावर जाऊन बसला. उन्हं भरात होती, रंग फिके येत होते. कॅमेऱ्यात एकच रोल, उन्हं कलली की काढू, असं म्हणत त्याने एकही फोटो काढला नाही. फोटोवाल्यांची खोड ती!

खाली वाल्मिकला मोहाचं जुनं झाड सापडलं. ताईला मूठभर मोहफुलं न्यावीत, एवढंच त्याच्या मनात आलं. लहानपणी आजा झाडाखालचा पाला पेटवायचा, म्हणजे सकाळी काळ्या जमिनीवर फुलं टपोरी दिसत. पण आजा आधी झाडाभोवतीचा पाला झाडून रिंगण करायचा, आणि पेटवायचा दवातल्या पहाटे. एवढी वर्षं सुरतेत राहिलेल्या वाल्मिकने भर दुपारी सरळ काडी ओढली.

पाण्यावरून वारा उठला. पाला भडकला! बघता बघता आगीची ओळ चढाला लागली, तडतडत, थेट कातळाच्या दिशेने. सशासारखा पंडित वर पळू लागला.

"दाजी, वर नका पळू! आग चढावर जास्त पळते!" वाल्मिक खालून जीव तोडून ओरडला. "खाली या! जळालेल्यात या!"

आगीकडे पळायचं? पंडितने मागे वळून पाहिलं. धुराने डोळे भरले. स्टँड फेकला. कॅमेरा पोटाशी धरला, बाटलीतलं पाणी उपरण्यावर ओतून तोंडाला गुंडाळलं, ज्वाला गुडघ्याएवढ्या होत्या तिथून मुसंडी मारली. एक उडी! भुवया जळल्या, चपलेचा तळ वितळला, पण पायाखाली काळी राख आली. वाल्मिकने त्याला धरून मोहाच्या बुंध्याशी ओढलं.

आग वरच्या कड्यापर्यंत गेली आणि तिथे पाला संपला तशी विझली. मोठे साग पावसात पुन्हा फुटतील. पण कोवळी रोपटी गेली, तितरांची घरटी गेली, पळसाची फुलं करपली.

"काय करी बसनू मी!" म्हणत वाल्मिक ढसाढसा रडला. पंडित संतापाने धुमसत होता. आणि त्या संतापाखाली नुसती हुरहुर: ती वाट बघत असेल, आणि आपण रिकाम्या हाताने जाणार. परतताना होडीतून त्याने काळ्या डोंगराचे फोटो काढले. खोटं दाखवण्यापेक्षा आहे ते दाखवावं.

सोमवारी मालतीबाईंनी फोटो हातात घेतला. वाल्मिक दाराबाहेरच उभा होता.

"पाला झाडला नाही वाटतं कुणी आधी," त्या म्हणाल्या. एरवी झाडोऱ्यात झाकलेली जुनी पायवाट राखेत पांढरी, लख्ख दिसत होती. त्यांनी तिच्यावर बोट ठेवलं आणि त्या हळूहळू खाली उतरू लागल्या. काठ आला तरी बोट थांबलं नाही, फोटोतल्या पाण्यात शिरलं.

"इथे वळण. इथे विहीर." त्यांचे डोळे भरून वाहत होते. "आणि ही आपली ओसरी."

वाल्मिक नकळत आत आला. कॉटशेजारी बसून त्यानेही पाण्यावर बोट टेकवलं.

"ओसरी जराशी इकडे, ताई," तो म्हणाला.