मेलबर्नचे तीन

भुकूमच्या त्या दुमजली इमारतीतली वीज गेली आणि शमाच्या डोळ्यांदेखत एका झटक्यात तीन देश नाहीसे झाले. लंडनचे साहेब बोलता बोलता गेले, न्यूयॉर्कच्या बाई कॉफीचा कप तोंडाला लावता लावता गेल्या, आणि सिंगापूरवाला तर आत्ता कुठे "हॅलो" म्हणत होता! या तिघांना एका वेळी पडद्यावर समोर बसवायला शमाला अकरा दिवस लागले होते. कुणाची सकाळ, कुणाची दुपार, कुणाची जेवून झोपायची वेळ... सगळ्यांचं जमवून तिनं आपली संध्याकाळची साडेसहाची वेळ काढली होती. आणि आता राउटरचा दिवा विझलेला.

ती तणतणत जिना उतरली. बाहेर जुलैचा पाऊस धरून बसला होता. खालच्या दूध डेअरीत एक उंच, सावळा तरुण कानावर टेस्टर खोचून कूलरच्या मागं डोकं घालून बसला होता.

"कुणी घालवली वीज?"

"मीच," तो शांतपणे म्हणाला. "कूलर शॉर्ट हुता. दोन मिनिटं थांबा."

"दोन मिनिटं? वर माझे तीन देश खोळंबलेत!"

त्यानं मान वर करून आधी छताकडं पाहिलं, मग तिच्याकडं. "एवढ्याशा माळ्यावर तीन देश? लई दाटीवाटी व्हत आसंल."

शमाला हसू आलं, आणि हसू आलं याचाच भयंकर राग आला. ती वळून तरातरा वर गेली. दोन मिनिटांनी दिवे आले. खरंच दोन मिनिटांनी!

तर असा हा तारिक. पौडचाच, शमाच्या गल्लीपासून चार गल्ल्या पलीकडचा, आणि इतक्या वर्षांत कधी समोर आला नव्हता. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांतले मोठे कूलर दुरुस्त करत फिरायचा. शमा बांगड्यांचं दुकान चालवणाऱ्या बाबालालभाईंची धाकटी. ज्ञानदा मॅडमच्या ऑफिसात ती देशोदेशीच्या लोकांच्या मीटिंगा जुळवून द्यायची. अम्मीला हे काम काही केल्या कळत नसे. "लोकांना वेळ सांगायचा पगार मिळतो व्हय तुला?" असं ती अधूनमधून विचारायचीच.

त्या दिवसानंतर डेअरीचा कूलर वरचेवर बिघडायला लागला. निदान तारिक तरी तसं म्हणायचा.

"आज कुटलं गाव विचारू?" जिन्याच्या तळाशी उभा राहून तो हाक द्यायचा.

"विचार."

"टोकियो."

"साडेतीन तास पुढं. सव्वातीन."

"नैरोबी?"

"अडीच तास मागं. सव्वानऊ. आणि तुझ्या घड्याळात पावणेबारा. कूलर कधी होणार?"

"झाला की सकाळीच."

शमा हे सगळं तोंडपाठ सांगायची. कॉम्प्युटरकडं न बघता, पटकन! तो "वा!" म्हणायचा तेव्हा ती उगाचच ओढणी सारखी करायची. ऑफिसच्या भिंतीवर मॅडमनी केलेला वेळेचा तक्ता होता. लंडन-अमेरिकेची माणसं वर्षातून दोनदा घड्याळं पुढंमागं करतात, त्या तारखा त्यात लाल शाईनं लिहिलेल्या. आपल्याकडं घड्याळ पुढं करतात ते फार तर लग्नाला वेळेवर पोचायला, आणि तेही पाच मिनिटं! पण हे लोक अख्खा तास सरकवतात. ऑस्ट्रेलियाच्या रांगेत मात्र नुसतं 'साडेचार तास पुढं' असं होतं. तिकडचं गिऱ्हाईक कधी आलंच नव्हतं, त्यामुळं त्या रांगेकडं कुणी पुन्हा वळून पाहिलं नव्हतं.

सप्टेंबरात एक दिवस तारिक जिना चढून थेट वर आला. हातात फोन, चेहरा गंभीर.

"मेलबर्नजवळ एक कंपनी हाय. दुधाच्या कूलरचीच. मी उगंच अर्ज टाकला हुता, तर इंटरव्ह्यूला बोलावलंय. सात ऑक्टोबर, त्यांचे दुपारचे तीन. आपले किती?"

"साडेदहा," शमा म्हणाली. नेहमीसारखं, पटकन. आणि मग तिला कळलं की आपण नेमकं काय सांगितलं... मेलबर्न.

"दोन वर्षांचं काम हाय," तो तिच्याकडं न बघता म्हणाला.

"छान आहे की. माझ्या ऑफिसातून दे इंटरव्ह्यू. इथं नेट चांगलं आहे."

सहा तारखेच्या संध्याकाळी, पौडच्या स्टँडपाशी, त्यानं अखेर विचारलं.

"शमा, मी जाऊ का?"

काय सांगायचं? जाऊ नको म्हणायचं, तर आपण याच्या कोण? जा म्हणायचं, तर जीभ रेटत नव्हती.

"ते मी कोण सांगणार?" ती म्हणाली.

तो कसनुसं हसला. "सकाळी रिहे गावच्या दूध केंद्रात काम हाय. ते उरकून साडेधाला येतो." एवढं बोलून गाडीला किक मारून गेलासुद्धा. रात्रभर शमा या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली.

मंगळवारी, सात तारखेला, ती ऑफिसात आली तेव्हा पावणेनऊ झाले होते. मॅडम पुण्याला गेल्या होत्या. इंटरव्ह्यूची खुर्ची पुसावी, कॅमेरा बघून ठेवावा, असं काहीबाही करत तिनं सहज कॉम्प्युटरवर मेलबर्नची वेळ उघडली. तिच्या हिशेबानं तिथं एक वीस व्हायला हवे होते.

कॉम्प्युटर दोन वीस दाखवत होता.

तिनं डोळे मिटून उघडले. दोन वीसच. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी, म्हणजे परवाच, मेलबर्नच्या लोकांनी घड्याळं एक तास पुढं केली होती. म्हणजे तिथले तीन आपल्या साडेदहाला वाजणार नव्हते. साडेनऊला! अजून चाळीस मिनिटं. आणि तारिक तिकडं रिह्यात.

शमा मटकन खुर्चीत बसली.

आता खरं सांगायचं तर त्याच क्षणी तिनं पर्स उचलून पळायला हवं होतं. पळाली का? नाही. ती बसून राहिली. तिच्या मनात आलं, कुणाला कळणार आहे? साडेदहाला तो येईल, तिकडं कुणी नसेल. तक्ता चुकला म्हणायचं. मॅडमचा तक्ता! त्याची ही नोकरी जाईल, दुसरी मिळेल, आणि हा इथंच राहील, पौडात, चार गल्ल्या पलीकडं. समोरच्या घड्याळात एक मिनिट गेलं. दुसरं गेलं. चौथ्या मिनिटाला तिला स्वतःचीच इतकी शरम वाटली की ती ताडकन उठली.

फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद! मग तिनं रिह्याच्या केंद्रावरच्या हैबतरावांना लावला.

"तारिक व्हय? हाय की हितंच. कूलर कवाच झाला. बांधावर बसलाय गप."

"त्याला फोन द्या ना काका! लवकर!"

पलीकडं काहीतरी खुसपुस झाली. "न्हाई म्हनतोय. साडेधाचं ठरलंय, साडेधालाच येतो, म्हनतोय."

"अहो काका, साडेनऊ! साडेनऊला आहे ते—"

फोन कट. मग लागेचना.

शमानं मेलबर्नला दोन ओळी पाठवल्या, की वेळ काढण्यात चूक माझी आहे, उमेदवाराची नाही, कृपा करून पंधरा मिनिटं थांबा. ऑफिसचा लॅपटॉप पिशवीत कोंबला आणि स्कूटी काढली. पिरंगुटला कंटेनर आडवा. अरे, आजच का रे बाबा! घोटवडे फाट्यावर दुधाच्या टेम्पोमागं दोन मिनिटं. तिला सारखं वाटत होतं की तो आपल्या तोंडाकडं बघून ओळखणार, आपण चार मिनिटं बसून होतो ते ओळखणार. आणि न ओळखता उद्या कुणाकडून कळलं, तर म्हणेल, हिनंच मुद्दाम केलं. आदल्या संध्याकाळी 'ते मी कोण सांगणार' म्हणणारी बाई दुसऱ्या दिवशी वेळ चुकवते, मग कोण विश्वास ठेवील? खाचरांतली भातं ओंब्यांनी वाकली होती, वारा सुटला होता, आभाळ भरून आलं होतं. तिला त्यातलं काही दिसत नव्हतं.

नऊ सव्वीसला ती रिह्यात पोचली. तारिक खरंच बांधावर बसला होता, पाय सोडून, निवांत.

"ऊठ!" ती लांबूनच ओरडली. "इंटरव्ह्यू साडेनऊला आहे! त्यांनी घड्याळं पुढं केलीत. माझं चुकलं. चल, चढावर रेंज येते, लॅपटॉप आणलाय!"

तो उठला नाही. तिच्याकडं बघत राहिला.

"मला ठाऊक हाय," तो म्हणाला.

"काय ठाऊक आहे?"

"साडेनऊ. शुक्रवारी त्यांचा परत मेल आला. त्यात आपली वेळ पण लिहिली हुती."

"मग... इथं काय करतोयस तू?"

तारिकनं मान खाली घातली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या त्याच्या. "मला वाटलं, तू मुद्दाम साडेधा सांगितलंस. तू वेळ चुकशील व्हय? आख्ख्या दुनियेची वेळ तोंडपाठ तुला! मी म्हनलं, हिला 'जाऊ नको' म्हणवत न्हाई, म्हणून हिनं असं केलं. काल इचारलं तरी बोलली न्हाईस. मग म्हनलं, ऱ्हाऊ दे... तिला नको आसंल तर नको."

"आणि तू फोन बंद करून बसलास?"

"व्हय." तो हळूच हसला. "लई बरं वाटलं मला. शुक्रवारपासून."

शमाला रडावं की त्याला बांधावरून ढकलावं, कळेना. "अरे गाढवा! वेळ सांगणं माझं काम आहे! मी कुणाला मुद्दाम चुकीची वेळ देईन? तुला? तुझ्या नोकरीची?"

त्याचं हसू एकदम मावळलं.

"म्हणजे... ती नुसती चूक हुती?"

"नुसती चूक."

"बरं." तो उठला, पँटची माती झटकली. "मग चल. देतो इंटरव्ह्यू."

त्याचा तो कोरडा आवाज शमाला झोंबला. पण बोलायला वेळ कुठे होता? ती स्कूटीवर पुढं, तो मागं, मध्ये लॅपटॉपची पिशवी.

चढावर पोचले तेव्हा नऊ सदतीस झाले होते. मेलबर्नची माणसं थांबली होती. तारिकनं लॅपटॉप स्कूटीच्या सीटवर ठेवला आणि तो अडखळत इंग्रजी बोलायला लागला. तेवढ्यात सर आली! परतीचा पाऊस, सांगून थोडाच येतो? शमानं त्याच्या गाडीच्या डिकीतून रेनकोट काढायला... छे, त्याची गाडी तर खालीच राहिली होती. तिनं स्वतःचा रेनकोट काढला आणि दोन्ही हातांनी लॅपटॉपवर आणि त्याच्या डोक्यावर ताणून धरला. स्वतः भिजत राहिली. खांदे भरून आले, बोटं बधिर झाली. कूलरच्या कॉम्प्रेसरचा विषय निघाला तशी तारिकची भीड चेपली. हातवारे करून सांगायला लागला. पलीकडची बाई हसली. तो छान बोलत होता... आणि जितका छान बोलत होता तितका लांब चालला होता. शमाला ते दिसत होतं, तरी तिनं रेनकोट खाली येऊ दिला नाही.

पंचवीस मिनिटांनी त्यानं लॅपटॉप मिटला.

"निवड झाली तर जानेवारीत बोलावतील," तो म्हणाला. मग तिच्याकडं नीट बघून, "किती भिजलीस! कशाला एवढं केलंस? चूक भरून काढायला?"

"तारिक," शमा म्हणाली. दात वाजत होते तिचे. "साडेदहा सांगितलं ती चूक होती. अल्लाशप्पथ चूक होती. पण आज सकाळी ती कळल्यावर मी लगेच निघाले नाही. चार मिनिटं खुर्चीत बसून राहिले. तुला कळवूच नये म्हणून. ती चार मिनिटं मुद्दाम होती."

तारिकनं तिच्या आखडलेल्या हातांतून रेनकोट सोडवून घेतला आणि तिच्याच खांद्यांवर घातला.

"चारच मिनिटं?" तो म्हणाला. "मी चार दिवस बसलो."

ती हसली, आणि हसता हसता रडली.

"मग नको जाऊ?" त्यानं विचारलं.

"जा. दोन वर्षं काढू आपण. पण जायच्या आधी घरी येऊन अब्बांशी बोलायचं."

"कवा येऊ?"

"शुक्रवारी. जुम्म्याची नमाज झाली की, अडीच वाजता." तिनं नाक पुसलं आणि त्याच्याकडं बोट रोखलं. "आणि उशीर केलास, तर मी मुद्दाम समजेन."