डोर्कसच्या खड्ड्यातली ओळ

मला सगळे तेच विचारतात. ऑर्फा आत्या, जमिनीचा कागद हातात आहे, पुतणी शहरात बोलावतेय, मग या रस्त्याच्या टोकाला एकटी कुजत का बसली आहेस? आज तुम्हीही विचारलंत. चहात काकवी घाला आणि ऐका. मधे बोलू नका, माझा धागा तुटतो.

आमच्या हेरॉन लेकच्या रस्त्यावर दोनशे वर्षं कुणाकडेच जमिनीचा कागद नव्हता. आमची माणसं अमेरिकेतल्या लढाईत इंग्लंडच्या राजाच्या बाजूने लढली, गुलामीतून सुटली, गलबतात बसून कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या या किनाऱ्याला लागली, तेव्हा राजाने जमीन कबूल केली होती. मिळाले खडक आणि दलदल, आणि तेही तोंडी! पहिल्या हिवाळ्यात तर डोक्यावर छप्पर नव्हतं. माणसांनी जमिनीत खड्डे खणले, वर ओंडके आणि स्प्रूसच्या फांद्या टाकल्या आणि आत एकमेकांना चिकटून झोपली. आमची मूळ आजी डोर्कस. तिच्या खड्ड्यात तेरा माणसं होती.

त्या थंडीत डोळा लागला की माणूस झोपेतच जायचा. म्हणून डोर्कसने एक रीत घातली. टोकाच्या माणसाने शेजारच्याला कोपर मारायचं आणि विचारायचं, "आहेस का?" त्याने "आहे" म्हणायचं आणि लगेच आपल्या पुढच्याला विचारायचं. जो बोलला नाही, त्याला उजाडल्यावर बाहेर ठेवायचं आणि त्याचं पांघरूण बाकीच्यांत वाटायचं. जमीन गोठून लोखंड झालेली, पुरणार कुठे?

ती रीत आमच्या घरात माझ्या लहानपणापर्यंत चालत आली होती. दिवा मालवला की आई विचारायची, मग आम्ही भावंडं एकामागून एक. माझा धाकटा भाऊ ॲम्ब्रोज शेवटचा. तो म्हणायचा, "आहे, पण चादर नाहीये!" आणि आम्ही तोंडात उशी कोंबून हसायचो. रीत अंगात इतकी मुरली होती की झोपेतही कुणी विचारलं तरी तोंडातून "आहे" निघायचं.

अठ्ठ्याहत्तर सालच्या ऑक्टोबरातली गोष्ट. दुसऱ्या दिवशी मोजणीवाला येणार होता. तो म्हणाला होता, तुमच्या मागच्या रानात हद्दीचा जुना दगड असेल तर दाखवा, नाहीतर ही जमीन तुमची नाही असंच मी लिहीन. आजोबा सांगायचे, दगड आहे, डोर्कसच्या खड्ड्याजवळ. पण तो खड्डा कुठे ते ठाऊक असलेलं माणूस जिवंत नव्हतं. दुपारचं जेवण उरकून मी आणि ॲम्ब्रोज शोधायला निघालो. त्याची लेक रोविना तेव्हा तीन महिन्यांची. तिचा पापा घेऊन तो म्हणाला, "चल गं, आज महाराणीसाठी राज्य शोधून आणू."

तीनच्या सुमारास समुद्रावरून धुकं आलं. आमच्याकडे धुकं नवीन नाही, पण हे बघता बघता गुडघ्यापर्यंत, मग छातीपर्यंत चढलं. ॲम्ब्रोज वीस पावलांवर कुऱ्हाडीने झुडपं तोडत होता. तो आवाज हळूहळू कापसात गुंडाळल्यासारखा झाला. मी हाक मारणार, तेवढ्यात पायाखालची जमीनच गेली.

फार खोल पडले नाही. उभी राहिले तर काठ हाताला लागत होता. पण धरायला गेले की वाळू निसटायची. तीनदा चढले, तीनदा घसरले. चौथ्यांदा हात वर केला तेव्हा बोटांना लाकूड लागलं. सालीसकट ओला ओंडका. त्याच्या शेजारी दुसरा. मी वेड्यासारखी चाचपत गेले... डोक्यावर सगळीकडे ओंडके होते. मी पडले कुठून मग?

अंधार झाला. धुराचा वास आला, ओल्या लोकरीचा, आणि खूप दिवस न धुतलेल्या माणसांचा. मी गुडघ्यात मान घालून खाली बसले. तर डाव्या दंडाला ऊब लागली. कुणीतरी शेजारी होतं.

आणि पार पलीकडच्या टोकाकडून आवाज आला...

"आहेस का?"

"आहे."

"आहेस का?"

"आहे... आहेस का?"

म्हातारा आवाज, बाईचा आवाज, एका पोराचा पेंगुळलेला आवाज. ओळ माझ्याकडे येत होती. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. गप्प बसले तर? गप्प बसणाऱ्याचं काय करायचे ते मला पाठ होतं. आणि बोलले तर मी ओळीतली झाले. देवा रे, कुठे फसले मी!

बरगडीत कोपर बसलं.

"आहे," मी म्हणाले. विचार करून नाही हो. तीस वर्षांची सवय बोलली.

उजव्या हाताला कुणीच नव्हतं. नुसती गार माती. मी गप्प राहिले. पुन्हा कोपर. आणि कानाशी घोगरा बायकी आवाज, चिडलेला नव्हता, दमलेला होता. "पुढच्याला विचार, पोरी. ओळ तुटली तर सगळेच जाऊ."

"पुढे कोणी नाही," मी रडत म्हणाले.

"विचार."

मी विचारलं. त्या मातीकडे तोंड करून, पुटपुटत. "आहेस का?"

वरून, धुक्यातून, ॲम्ब्रोजचा आवाज आला. "आहे गं, आहे! कुठे कडमडलीस?"

दुसऱ्या क्षणी मी उघड्यावर पालथी पडले होते. हाताखाली दगड होता, त्यावर छिन्नीने कोरलेलं अक्षर. शेजारी गुडघाभर खोल खळगा, त्यात वाळकी पानं. कुऱ्हाड झाडाला टेकवलेली. थर्मासच्या झाकणात ॲम्ब्रोजचा चहा, त्यातून अजून वाफ निघत होती. ॲम्ब्रोज नव्हता.

अकरा दिवस अख्ख्या वस्तीने रान पालथं घातलं. दुसऱ्या दिवशी मोजणीवाला आला, दगड बघून मान डोलावली. वर्षभराने कागद आला, आमच्या रस्त्यावरचा पहिला. तो चुलीच्या वर टांगलाय बघा. मला त्याकडे बघवत नाही, आणि काढवतही नाही.

ॲम्ब्रोज गेला त्याच संध्याकाळी मी अंथरुणावर पडून, रडता रडता सवयीने म्हणाले, "आहेस का?" मागच्या रानातून उत्तर आलं. "आहे."

तेव्हापासून रोज विचारते. सेहेचाळीस वर्षं. तो "आहे" म्हणतो आणि थांबतो, त्याच्या पुढे कोणी नाही ना. एकदाच खाडा झाला. पित्ताशयाच्या दुखण्याने मला हॅलिफॅक्स शहरातल्या इस्पितळात एक रात्र ठेवलं होतं. परत येऊन विचारलं तर किती वेळ उत्तरच नाही. मग दात वाजत असल्यासारखा आवाज आला, "आ...हे." आता सांगा, मी शहरात जाऊ? माझं बोलणं बंद झालं तर त्याला बाहेर ठेवतील.

रोविनाला यातलं काही सांगितलं नव्हतं. तिच्या आईने तिला कडेवर घेऊन हॅलिफॅक्स गाठलं, ती तिथेच वाढली. पण रीत कुठे सुटते? ती आपल्या लेकीला, मिकाइलाला, रोज फोन करते आणि पहिला शब्द तोच.

गेल्या मंगळवारी रोविना मला न्यायला आली. खोकीच घेऊन आली होती बया. "आत्या, या खेपेला तुझं काही ऐकणार नाही. उचलून गाडीत टाकीन," म्हणाली. संध्याकाळी ती मोरीपाशी बटाटे सोलत होती. मी खिडकीशी जाऊन हळूच विचारलं. ॲम्ब्रोज म्हणाला, "आहे." मी वळले. आणि मागून, सेहेचाळीस वर्षांत पहिल्यांदा, त्याने पुढे विचारलं.

"आहेस का?"

"आहे, आत्या! इथेच तर आहे," रोविना म्हणाली.

मी तिला दटावून विचारलं, कुणाचा आवाज वाटला तुला? ती हसली. "तुझाच की. जरा घोगरा होता. सर्दी झालीय का तुला?"

मग मी तिला खाली बसवलं आणि तुम्हाला सांगितलं तेच सगळं सांगितलं. ती हसायची थांबली. दोघी दिवा लावून जाग्याच राहिलो. सकाळी धुकं पायरीपर्यंत आलेलं, गाडी दिसत नव्हती. रोविना डाव्या बरगडीवर हात दाबून बसली होती.

"दुखतंय?"

"कोणीतरी ढोसतंय, आत्या. रात्रभर."

"कुणाला काही विचारू नकोस," मी म्हणाले. "तुझ्या बापाची आण आहे. मिकाइलाला फोनसुद्धा करू नकोस. तुझ्यापाशीच थांबू दे हे."

"आणि ओळ तुटली तर? बाबा..."

तेवढ्यात टेबलावरचा तिचा फोन वाजला. मिकाइला. रोविनाने माझ्याकडे बघितलं, ओठ दातांखाली दाबला आणि फोन कानाला लावला. एक शब्द बोलली नाही पोर, मी समोर होते, देवाशपथ सांगते.

पलीकडून मिकाइला बोलली. झोपमोड झाल्यासारखी, वैतागलेली. मला इथपर्यंत ऐकू आलं.

"आहे गं आई, आहे! रात्रभर किती वेळा विचारशील?"